रेषेच्या अलीकडे

डॉक्टरांनी आर्नी किविलाला सायकल चालवायची परवानगी दिली, पण चढ दिसला की उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं, या अटीवर. डॉक्टर बिचारा भला माणूस, पण त्यानं जन्मात कधी एका गिअरची सायकल चालवलेली नव्हती हे उघड होतं. गिअरवाले लोक चढ आला की खटखट गिअर उतरवतात आणि बसल्या बसल्या वर पोचतात. एकाच गिअरच्या सायकलवाल्याला ती सोय नाही. त्यानं चढ दुरूनच हेरायचा, आधीच्या उतारावर ब्रेकला बोट न लावता वेग राखायचा, आणि मग सीटवरून उठून हँडल छातीशी ओढत सुटायचं. पोचला तर पोचला, नाही तर निम्म्यात उतरून मुकाट चालायचं. सगळी गंमत त्या पोचतो की नाही यातच. आधीच ठरवून चालायचं म्हणजे गंमतच संपली.

सुपीरिअर सरोवराच्या काठच्या त्या गावात आर्नीनं उभा जन्म रस्त्यावरचा बर्फ लोटायचा ट्रक चालवला. त्या ट्रकला गिअर इतके की हिवाळाभर उजवा हात थाऱ्यावर नसे. सायकलवर तरी ती कटकट नको, म्हणून त्यानं एकच गिअर ठेवला, असं तो सांगायचा. खरी गोष्ट वेगळी होती. जंगलातल्या वाटेवर एका गिअरची सायकल आवाज करत नाही. चेन ताठ, खटखट नाही, खडखड नाही. पायाखाली पाइनच्या काड्या, बाजूला जुन्या तांब्याच्या खाणींतून काढून टाकलेल्या दगडांचे ढीग, आणि डोक्यात एकसुद्धा विचार नाही. हे सुख आर्नीनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. त्या गावात माणसं अशा गोष्टी बोलून दाखवत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात, फावडं हातात असतानाच, तो छाती धरून अंगणात खाली बसला. शहरातल्या इस्पितळात दोन स्टेंट घातले, गोळ्यांची रास मिळाली, बियर बंद झाली. हे सगळं त्याला समजत होतं. समजत नव्हतं ते निराळंच. शेवटच्या तपासणीला तो आत सदऱ्याची बटणं लावत असताना डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, लोईसला, बाहेर बोलावून घेतलं. दार लोटलेलं, आवाज खालचा. ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आर्नीनं विचारलं तर म्हणाली, “काही नाही, गाडी काढ.”

तेव्हापासून पाणी कुठेतरी मुरतंय असं त्याला वाटायला लागलं. टॉड पेलकोला हा गडी, ज्यानं स्वतःच्या घरचं लाकूड कधी वेळेवर फोडलं नाही, तो न सांगता येऊन आर्नीची लाकडं रचून गेला. जोडी राउटिओ, गावातली सगळ्यात वेगवान बाई, आणि जिभेनंही तशीच, ती त्याला “आज बरा दिसतोस हं” म्हणायला लागली. आता जोडीनं कुणाला बरं म्हणणं म्हणजे शुभलक्षण नव्हे. पूर्वी हीच मंडळी त्याला वाटेत गाठून “सरक म्हाताऱ्या” म्हणत पुढे जायची. आता मागून हळू यायची आणि रस्ता रुंद होईपर्यंत तोंडातून ब्र काढायची नाही. आणि लोईस? तिनं वर्षानुवर्षं त्याच्यावर तोंडसुख घेतलं होतं; चिखलाच्या बुटांवरून, गॅरेजमधल्या पसाऱ्यावरून, न्हाणीत धुतलेल्या चेनवरून. हिवाळ्यापासून तिनं एकदाही त्याला फैलावर घेतलं नव्हतं. माणूस मरायला टेकल्याशिवाय बायको असं वागत नाही, असं आर्नीचं पक्कं मत होतं. नाताळसुद्धा दिसेल की नाही, असा हिशेब त्यानं मनातल्या मनात करून टाकला. पण विचारणार कोणाला? विचारलं आणि खरं निघालं तर?

सप्टेंबरात मेपलची पानं पेटली की त्या गावात एका गिअरवाल्यांची शर्यत असते. बाहेरच्या माणसाला तिचे नियम सांगितले तर तो हसतो किंवा आपली गाडी काढून निघून जातो. जिंकणाऱ्याला बक्षीस नाही, चषक नाही. जिंकणाऱ्याच्या पोटरीवर गोंदण. तेही तिथल्या तिथे. मार्सी नावाची गोंदणारी बाई सुया घेऊन शेवटच्या रेषेजवळ तंबूत बसलेलीच असते. चित्र मागच्या वर्षीच्या विजेत्यानं काढायचं, त्यात इतरांनी बोलायचं नाही. गोंदण नको असेल तर रेषेच्या अलीकडे थांबायचं आणि दुसऱ्या कोणाला तरी आधी जाऊ द्यायचं. आणि शेवटचा नियम सगळ्यात कडक: कोणीतरी रेषा ओलांडल्याशिवाय पेस्टीची पेटी उघडायची नाही. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा आणि सलगम भरलेली, करंजीच्या घाटाची पण तळहाताहून मोठी. ती दरवर्षी लोईस करायची आणि पेटीवर पहाराही तीच करायची.

आर्नी इतकी वर्षं या शर्यतीत उतरला, पण त्याची पोटरी कोरीच होती. जिंकायची त्याला हावही नव्हती. त्याला एवढंच हवं होतं की यंदाही आपण त्या घोळक्यात एक असावं, बाजूला काढून ठेवलेलं काचेचं भांडं नसावं. म्हणून त्यानं आदल्या दिवशी गॅरेजचं दार लावून घेतलं, मागच्या चाकावरचं अठरा दात्यांचं चक्र, फ्रीव्हील, काढलं, बावीस दात्यांचं बसवलं, चेनला दोन कड्या जोडल्या आणि चाक मागे ओढून चेन ताठ केली. बावीस म्हणजे चढ सोपा आणि सपाटीवर फजिती; पाय शिलाई मशीनसारखे फिरतात आणि सायकल जागची हलत नाही. लाज वाटली, पण छाती शाबूत तर पगडी पचास म्हणत त्यानं ती गिळली.

शर्यत सुटली तेव्हा व्हायचं तेच झालं. सपाटीवर सगळा घोळका भुर्रकन पुढे गेला आणि आर्नी पाय गरगर फिरवत एकटाच मागे उरला. पहिला चढ आला, तो उतरला, चालला. दुसरा आला, उतरला, चालला. तिसऱ्या चढाचं नाव पापी चढ. तिथे त्यानं इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि बावीस दात्यांवर अगदी सावकाश, मुळांना आणि दगडांना चुकवत, वर पोचला. छातीत काही झालं नाही. वरून सरोवराची निळी पट्टी दिसली आणि त्याला इतका आनंद झाला की आपण मरणार आहोत हे तो क्षणभर विसरला.

वाट दोन फेऱ्यांची होती. पहिली फेरी संपता संपता ती गावाबाहेरच्या मैदानाच्या कडेनं जात असे. तिथेच मार्सीचा तंबू, तिथेच लोईसची पेटी, आणि एका खांबावर यंदाच्या चित्राची फळी. पहिला सायकलवाला पहिल्या फेरीतून आला की फळीवरचं कापड काढायचं, म्हणजे दुसऱ्या फेरीत ज्याला जीव तोडून पळायचं त्यानं पळावं. आर्नी सगळ्यांच्या मागून मैदानाशी आला तेव्हा फळीवर बटाट्याचं रिकामं पोतं घातलेलं होतं. आणि तिथली बघणारी मंडळी, जी क्षणापूर्वी मोठमोठ्यानं बोलत होती, ती त्याला बघून एकदम गप्प झाली. कोणी बुटाची नाडी बांधायला लागलं, कोणी आभाळाकडे बघायला लागलं. लोईसनं खालचा ओठ दातात धरला आणि पाठ फिरवून पेटीवर वाकली. तिचे खांदे हलत होते.

ती रडत होती, दुसरं काय असणार? पण सगळ्या गावासमोर? आणि गावाला हे सगळं आधीच माहीत? तो तसाच पुढे गेला, कारण थांबला असता तर त्याला विचारावं लागलं असतं.

दुसऱ्या फेरीत तर त्याची मतीच गुंग झाली. पहिल्याच वळणावर दोघं तरणेबांड सायकली उलट्या करून बसले होते. चेनमधून आवाज येतोय म्हणाले. आर्नीनं गाडी थांबवली. बिघाड ऐकला की तो पुढे जाऊच शकत नसे. पायडल फिरवून बघितलं. चेन ताठ, चाक सरळ, आवाज शून्य. तो पुढे गेला तर ओढ्याशी आणखी तिघं. त्यांच्याही चेनमधून आवाज येत होता. आता एका गिअरच्या सायकलीत बिघडण्यासारखं असतं काय? एक चेन, दोन चाकं, दोन ब्रेक. ती बिघडत नाही म्हणून तर लोक ती चालवतात. आणि आज सगळ्या गावाच्या सायकली एकाच वाटेवर एकाच वेळी आजारी पडलेल्या. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते त्याला कळेना.

पापी चढाखाली जोडी उभी होती. जोडी, जिला तो चार वर्षांत कधी पाठमोरीसुद्धा नीट बघू शकला नव्हता, इतकी ती लवकर दिसेनाशी व्हायची. तिचीही सायकल उलटी.

“ट्यूब गेलीय,” ती म्हणाली.

आर्नीनं टायर दाबून बघितला. दगडासारखा घट्ट.

“ही?”

“हळूहळू जातेय,” जोडी म्हणाली आणि दुसरीकडे बघायला लागली. “तू हो पुढे. तुझा आज दिवस आहे.”

तुझा आज दिवस आहे! हे वाक्य आर्नीला बरगडीत टोचलं. म्हणजे असं आहे तर. यांनी ठरवून, वर्गणी काढल्यासारखं, शर्यत त्याच्या पदरात घालायची आहे. मरणाऱ्याची शेवटची इच्छा पुरी करायची, आणि मग घरी जाऊन म्हणायचं, निदान एकदा तरी जिंकला हो बिचारा. त्याला राग आला, रडू आलं, आणि पापी चढावर तो यावेळी पायी गेला. पायांत बळ होतं, पण मन उरलं नव्हतं. पुढचा उतार, ज्यावर तो एरवी ब्रेक न लावता आरोळी ठोकायचा, तो त्यानं कधी पार केला ते त्याला कळलंच नाही. वाटेत आणखी कितीतरी जण बाजूला उभे होते. प्रत्येकजण म्हणत होता, जा, जा. एकानं तर टाळ्या वाजवल्या.

मैदानात शिरला तर समोर पिठानं आखलेली पांढरी रेषा, आणि तिच्या हातभर अलीकडे टॉड आणि दुसरे सगळे दांडगे, सायकलींवर रेलून, तोंडं सुकलेली. मागच्या वर्षीचा विजेता ड्वाइट सालमी एका बाजूला हाताची घडी घालून, फुरंगटून उभा. आर्नीला बघताच सगळ्यांनी वाट करून दिली. रेषेपर्यंत मधे कोणी नाही. टॉडनं तर लग्नात वऱ्हाड्यांना आत बोलवावं तसा हात केला.

आर्नीनं ब्रेक दाबला. पुढचं चाक रेषेपासून वीतभर अंतरावर थांबलं.

“जा ना,” टॉड म्हणाला.

आर्नीनं पाय खाली टेकवला. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो लोईसकडे बघत होता. मागून एकेक करून आजारी सायकली येऊन पोचल्या, सगळ्या ठणठणीत. जोडीही आली. घोळका जमला, आणि त्या घोळक्यातून पोटांचे आवाज यायला लागले, कारण पेटीतून पेस्टीचा वास सुटला होता. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, “आर्नी, देवासाठी जा.” ते ऐकून तर आर्नीची खात्रीच पटली.

शेवटी मार्सीला राहवलं नाही. ती गोंदणारी बाई. खोटं तिच्या पोटात टिकत नसे. दरवर्षी माणसं तिच्यासमोर बसून विचारायची, दुखेल का, आणि ती सांगायची, हो. ती तंबूतून उठली, खांबाशी गेली आणि तिनं पोतं ओढून काढलं.

फळीवर काय होतं ते आर्नीला समजायला वेळ लागला. उकडलेला बटाटा होता. त्याला कान होते, किंवा शिंगं असतील. खाली दोन गोल होते, त्यातला एक चौकोनी होता. आणि ते सगळं गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या मापाचं.

“अस्वल आहे,” ड्वाइट म्हणाला. “सायकलवर बसलंय.”

“मला किडनी वाटली,” जोडी म्हणाली.

“मला वाटलं आमची सासू,” मागून कोणीतरी म्हणालं. ड्वाइटनं तिकडे बघितलंही नाही.

आर्नी फळीकडे बघत राहिला, मग टॉडकडे, मग घोळक्याकडे, मग परत फळीकडे. गोष्ट हळूहळू त्याच्या डोक्यात शिरत होती. पहिल्या फेरीत सगळ्यांनी हे बघितलं. सगळ्यांची पाचावर धारण बसली. रेषा ओलांडणार कोण, मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? आणि मग सगळ्यांत शेवटून एक माणूस येत होता, ज्यानं फळी अजून बघितली नव्हती. पोतं घातलं त्याच्यासाठीच. चेनमधले आवाज त्याच्यासाठीच.

“म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “तुम्ही मला बकरा केलात.”

टॉडला भूक सहन होत नाही, लहानपणापासून होत नाही, आणि भुकेल्या टॉडच्या जिभेला लगाम नसतो. तो म्हणाला, “आर्नी, शहाण्यासारखा जा की. आम्हाला ते पायावर चाळीस-चाळीस वर्षं वागवायला लागेल. तुझं काय, दहा-पंधरा वर्षांत आटपतंय.”

जोडीनं टॉडच्या पावलावर टाच दिली. टॉड कानापर्यंत लाल झाला आणि जमिनीकडे बघायला लागला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच हिवाळ्यापासूनची हळुवार, चपापलेली कळा परत आली.

आर्नीच्या तोंडून शब्द बाहेर पडले ते त्यानं ठरवून काढले नव्हते. “पंधरा?” तो म्हणाला. “तू माझी पंधरा धरतोस? मी तर नाताळपर्यंतच धरली होती.”

तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, मग सायकलचं हँडल धरून वाकून. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याला ते थांबवता येईना. त्याचं त्यालाही कळेना की हे हसू आहे की दुसरं काही. उन्हाळाभर ज्या मरणाभोवती सगळं गाव दबक्या पावलांनी चालत होतं, ते टॉडनं भुकेपोटी भर मैदानात आपटलं होतं, आणि ते इतकं बारकं निघालं होतं.

लोईसच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती तरातरा त्याच्यापाशी आली.

“नाताळपर्यंत म्हणजे काय?”

“डॉक्टरांनी तुला काय सांगितलं?” त्यानं विचारलं. आता विचारता येत होतं. “त्या दिवशी, बाहेर बोलावून.”

लोईसला आधी आठवेनाच. मग आठवलं, आणि तिचा चेहरा कसातरीच झाला.

“काही नाही सांगितलं रे. म्हणाला, याला घरात बसवून ठेवू नका, फार कटकट्या माणूस आहे, तुम्हीच आधी माराल त्याला. मला हसू आलं आणि मग रडू आलं. तो जिवंत माणसाबद्दल बोलत होता म्हणून आलं.” तिनं नाक पुसलं. “आणि तू हे एवढे महिने मनात घेऊन बसलास? माझ्याशेजारी? तोंड शिवलं होतं का तुझं?”

“तू ओरडत नव्हतीस,” आर्नी म्हणाला.

“भीती वाटत होती मला. ओरडले आणि तुला काही झालं तर?”

“मघाशी पेटीवर वाकून रडत होतीस ते?”

“हसत होते, मूर्खा! ते चित्र तुझ्या पायावर दिसत होतं मला.”

आर्नीला बायकोला मिठी मारायची होती, पण तिथे सगळं गाव उभं होतं आणि त्या गावात माणसं तसं करत नाहीत. म्हणून त्यानं तिचा हात धरून नुसता दाबला आणि सोडला. मग त्यानं टॉडकडे बघितलं, ड्वाइटच्या अस्वलाकडे बघितलं, पांढऱ्या रेषेकडे बघितलं. सगळा भुकेला घोळका त्याच्या पुढच्या चाकाकडे डोळे लावून उभा होता. आता तरी जाईल, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आर्नीनं सायकल उचलली, मागे वळवली आणि गवतावर आडवी घातली. स्वतः तिच्याशेजारी पाय पसरून बसला, बूट काढले, मोजे काढले आणि आपल्या कोऱ्या पोटऱ्या उन्हात ताणून दिल्या.

“पंधरा वर्षं सौनाच्या वाफेत, सगळ्यांसमोर उघड्या पायांनी, ते अस्वल घेऊन बसू मी?” तो म्हणाला. “मी नाही जात. मला काही घाई नाही.”

टॉडनं कपाळावर हात मारला. मागे कुणीतरी दीर्घ सुस्कारा सोडला. लोईसनं पेटीकडे जाऊन झाकण नीट लावून घेतलं, कडी घातली आणि परत येऊन नवऱ्याला ढोपरानं ढोसलं.

“सरक जरा, सगळी जागा अडवून बसलाय,” ती म्हणाली आणि गवतावर बसून घोळक्याकडे वळली. “मग राहा सगळे उपाशी.”